सगळं हिरवं होतं, तरी कोड गेला!

सबमिशनला तीन दिवस उरले होते आणि लॅपटॉपने मान टाकली. रिपेअरवाल्या दादाने दोन मिनिटांत निकाल दिला, 'एसएसडी गेली. डेटा विसरा.' मी मात्र निवांत. 'टेन्शन नाही दादा, सगळं गिटमध्ये आहे!' आदल्या रात्रीच माझ्या लाडक्या स्टेटस पेजवर नजर टाकली होती. सगळं हिरवंगार.

होस्टेलवर येऊन रूममेटच्या मशीनवर प्रोजेक्ट क्लोन केला आणि पोटात गोळाच आला. शेवटच्या चार दिवसांचं काम गायब!

थोडं मागे जाऊ. प्रोजेक्ट, असाइनमेंट्स, हॅकेथॉन, 'बघू तरी' म्हणून उतरवलेला कोणाचा तरी कोड... तिसऱ्या वर्षापर्यंत माझ्याकडे गिटची सतरा फोल्डर्स साठली होती. प्रत्येकात शिरून 'गिट स्टेटस' मारायचा कंटाळा. म्हणून पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती सगळ्या फोल्डर्समध्ये फिरून यायची आणि ब्राउझरमध्ये तक्ता दाखवायची. फोल्डरचं नाव, ब्रँच आणि एक ठिपका. कमिट न केलेलं काही असेल तर लाल, नाहीतर हिरवा.

गोची इथेच होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या कामासाठी गिट लिहिलं. त्यात कमिट करायला नेट लागत नाही, कारण कमिट आपल्याच डिस्कवर होतो. सर्व्हरवर तो जातो पुश केल्यावर. माझं पेज विचारत होतं, 'कमिट केलंस का?' मला उत्तर हवं होतं वेगळ्याच प्रश्नाचं, 'आत्ता लॅपटॉप मेला तर काय काय जाईल?'

चार दिवसांचं काम दोन रात्रींत पुन्हा लिहिलं, वायवा जांभया देत दिली. नशिबाने ती स्क्रिप्ट पुश केलेली होती. मग तीच दुरुस्त करायला बसलो.

पहिला बदल, 'पुश बाकी' हा नवा रकाना. 'गिट लॉग'ला 'ब्रँचेस' आणि 'नॉट रिमोट्स' हे पर्याय दिले, की लोकल ब्रँचवर असलेले पण सर्व्हरवर न पोचलेले कमिट्स समोर येतात. फक्त चालू ब्रँच बघून भागत नाही. प्रयोग म्हणून काढलेली ब्रँच आपण हमखास विसरतो.

दुसरा, स्टॅश. 'नंतर बघू' म्हणत स्टॅशमध्ये कोंबलेला कोड नेहमीच्या पुशबरोबर जात नाही, आणि फोल्डर मात्र 'क्लीन' दिसतं. म्हणून स्टॅशचाही आकडा दाखवला.

तिसरा, शेवटचा फेच कधी झाला ती वेळ. 'गिट स्टेटस' नेटवर जाऊन काही तपासत नाही, शेवटच्या फेचला जे कळलं होतं त्याच्याशीच तुलना करतं. पार्टनरने दुपारी पुश केलं असलं तरी आपल्याला 'अप टू डेट'च दिसतं. मग मर्जच्या वेळी भांडणं!

चौथा बदल सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कामाचा. यादी नावानुसार नाही, धोक्यानुसार लावली. ज्यांना रिमोटच नाही ती फोल्डर्स एकदम वर. सुरक्षित असलेली तळाला, 'बाकी १२ ठीक' अशा एका ओळीत. ठिपक्याच्या जागी शब्द आले, '३ कमिट पुश बाकी'. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या मित्रालाही ते वाचता येतं.

आणि हो, पेज फक्त १२७.०.०.१ वर चालवा. नाहीतर होस्टेलच्या वायफायवरच्या सगळ्यांना तुमच्या अर्धवट प्रोजेक्ट्सची यादी दिसेल!

आता माझं पेज क्वचितच पूर्ण हिरवं असतं. रोज एखादी तरी ओळ वर येऊन टोचते, आणि झोपण्याआधी मी पुश करतो. हिरवा दिवा बघून बरं वाटतं, पण तो नेमकं काय तपासून लागलाय हे माहीत हवं. पेज बनवायला वेळ नसेल, तर आज रात्री आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरसमोर बसून तोच प्रश्न विचारा. आत्ता लॅपटॉप मेला तर काय जाईल? उत्तर 'काहीच नाही' असेल, तरच खुशाल झोपा.