प्रवरेच्या माथ्यावरची भातखाचरं

संभाजीनगरच्या नळाला येणारं पाणी नाथसागरातलं, हे शहरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण नाथसागरात ते कुठून येतं? बरंचसं नाशिककडून, गोदावरीतून. आणि काही प्रवरेतून, जी कायगाव टोक्याच्या पुलापलीकडे प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते. ही प्रवरा धरून वर चढत गेलं, नेवासे, संगमनेर, अकोले, राजूर मागे पडलं, की 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण लागतं. त्याच्या पाठीशी रतनगड. संभाजीनगरहून शिर्डी-संगमनेरमार्गे हे अंतर साधारण दोनशे किलोमीटर. रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावांत उतारावर भाताची खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली दिसतात.

आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घाटघरला पाच हजारांच्या घरात. एवढं पाणी उघड्या उतारावरून सुटलं तर माती जागेवर राहणारच नाही. म्हणून दगडमातीचा बांध घालून उताराचे सपाट तुकडे केले. वरचं खाचर भरलं की बांधातल्या वाटेनं पाणी खालच्यात, तिथून आणखी खाली, शेवटी ओढ्यात आणि धरणात. जमीन सपाट झाली की नाही, हे पाणीच सांगतं. जिथं ते खोल साचतं तिथं चिखल ओढायचा, जिथं ढेकूळ उघडं पडतं तिथला काढायचा.

मराठवाड्याच्या माणसाला खरा धक्का बसतो तो पुढे. आपण वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. ओल्या मातीत नांगर घातला तर तिचा पोत बिघडतो. इथं तो मुद्दाम बिघडवतात! भर पावसात औत फिरवून चिखलणी करतात. मातीचे कण सुटे होतात, त्यांच्यामधल्या पोकळ्या बुजतात आणि पाणी मुरायचं मंदावतं. ज्या साचलेल्या पाण्यात आपली कपाशी आणि तूर उभ्या जागी माना टाकतात, त्यात भात फोफावतो. कारण त्याच्या खोडापासून मुळांपर्यंत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. पानांकडून आलेला प्राणवायू त्यांतून चिखलातल्या मुळांपर्यंत उतरतो. बरंचसं तण मात्र त्याच पाण्यात गुदमरतं. फिलिपिन्सच्या इफुगाव डोंगरातल्या खाचरांना 1995 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथंही भाताचा आणि पाण्याचा हाच करार आहे.

जायचं कधी, हे काय बघायचं त्यावर ठरवा. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण जाळून रोपांसाठी राब भाजतात. मृगाच्या आगेमागे त्यावर बी पडतं. जुलैत लावणी: धुकं, इरली, गुडघाभर चिखल आणि आभाळ दिसेल अशी भरलेली खाचरं. पण तेव्हा पाऊस दिवसदिवस उघडत नाही, आणि जवळच्या सांधण दरीत पावसाळ्यात उतरायचं नसतं. सप्टेंबरअखेरीस उघडीप मिळते. भात निसवलेला असतो, कड्यांवर सोनकी पिवळी झालेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. शनिवार-रविवार टाळा, भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. गावातच कुणाच्या घरी राहायची सोय आधी ठरवून गेलात तर भात जेवायलाही मिळेल आणि त्याच्याबद्दल ऐकायलाही.

परतताना अकोले तालुक्यातलंच कोंभाळणे गाव लक्षात ठेवा. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं जपली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. डोंगरात भात म्हणजे एक पीक नव्हे. लवकर येणारा, उशिरा येणारा, वासाचा, पेजेचा असे त्याचे कितीतरी प्रकार, आणि कुठल्या खाचरात पाणी किती टिकतं ते बघून कुठला लावायचा हे ठरतं.

एक गोष्ट मात्र पाळा. फोटोसाठी ओल्या बांधावर चढू नका. चालायचंच असेल तर मालकाला विचारा. बांध फुटला तर वरच्या खाचरातलं पाणी जातं आणि त्याच्याबरोबर आलेल्या गाळाखाली खालच्या शेजाऱ्याची नुकती लावलेली रोपं गाडली जातात. लावणीचे दिवस निघून गेले की ती पुन्हा लावता येत नाहीत.