मुलाखत, देहबोली आणि ९३ टक्क्यांचा गैरसमज

एसटी स्टँडजवळच्या क्लासच्या फलकावर, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, व्यक्तिमत्त्व विकास शिबिराच्या पत्रकावर एक हिशेब हमखास वाचायला मिळतो. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के. म्हणजे मुलाखतीत तुम्ही काय बोलता याला फारशी किंमत नाही. कसे बसता, कसे हसता, हात कसा मिळवता यावर ९३ टक्के नोकरी ठरते. प्राध्यापक हे वर्गात सांगतात, कॅम्पस मुलाखतींच्या आधी भाषणाला आलेले एचआरवाले सांगतात, आणि ते ऐकून आईवडील पदरमोड करून मुलांना क्लासला घालतात. ज्या संशोधनातून हे आकडे आले, त्यात नोकरी नव्हती, मुलाखत नव्हती, उमेदवारही नव्हता.

ते संशोधन १९६७ सालचं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात नऊ सुटे शब्द होते : तीन आपुलकीचे, तीन तटस्थ, तीन तुसडे. ते निरनिराळ्या सुरांत म्हटले गेले आणि ऐकणाऱ्यांनी बोलणाऱ्याच्या मनातली भावना ओळखायची होती. दुसऱ्यात तर ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द होता, ‘मेबी’. तो तीन सुरांत ऐकवायचा, सोबत चेहऱ्याची छायाचित्रं दाखवायची, आणि विचारायचं : या व्यक्तीला समोरचा माणूस आवडतो आहे की नाही? दोन्ही प्रयोगांचे निकाल जोडून ७-३८-५५ हे सूत्र तयार झालं.

एका शब्दात किती माहिती मावणार? तो शब्द गोड आणि सूर कडवट असला, तर ऐकणारा सुरावर विश्वास ठेवतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट लिहून ठेवलं आहे, की हे सूत्र भावना आणि आवडनावड व्यक्त करण्यापुरतं आहे. माणूस दुसऱ्या कशाबद्दल बोलत असेल तर ते लागू होत नाही. मूळ संशोधकाने घातलेली ही मर्यादा अर्ध्या शतकानंतरही आपल्या शिबिरांत कुणी सांगत नाही.

शंका असेल तर साधी परीक्षा घेऊन पाहा. बँकेच्या मुलाखतीत विचारलं, ‘कर्ज एनपीए केव्हा ठरतं?’ उत्तर आहे, ‘व्याज किंवा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की.’ हे माहीत नसलेल्या उमेदवाराने पाठ कितीही ताठ ठेवली, नजरेला नजर कितीही मिळवली, तरी त्यातून ९३ टक्के उत्तर बाहेर पडणार नाही. वायरमनच्या जागेसाठी आलेल्या मुलाला अर्थिंग कशासाठी करतात हे शब्दांतच सांगावं लागतं.

मला या आकड्याचा राग येतो तो त्याच्या परिणामांमुळे. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसल्यावर काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. धाराशिवकडचा, नंदुरबारचा, गडचिरोलीचा मुलगा येतो. कोट मित्राकडून मागून आणलेला असतो. हसू तालमीतलं असतं. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की क्लासमध्ये पाठ करून घेतलेली इंग्रजी वाक्यं एका दमात म्हणतो. मग कुणी विचारतं, ‘या प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय केलंत?’ आणि तो थबकतो. त्याने काम केलेलं असतं. रात्र रात्र बसून केलेलं असतं. पण त्याबद्दल कसं बोलायचं याची तयारी त्याच्याकडून कुणी करून घेतलेली नसते, कारण शब्दांची किंमत ७ टक्केच असल्याचं त्याला सांगितलेलं असतं. नकार आला की तो स्वतःला समजावतो, ‘आपली पर्सनॅलिटीच नाही.’ तयारीतली उणीव भरून काढता येते. आपल्यातच काही खोट आहे अशी समजूत एकदा झाली, की ती पुढचे दहा अर्ज भरू देत नाही.

मग देहबोलीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो नेमका किती, हेही तपासलं गेलेलं आहे. मरे बॅरिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. उमेदवाराचं दिसणं, हावभाव, स्वतःची छाप पाडण्याची धडपड यांचा मुलाखतीतल्या गुणांवर परिणाम होतो, असं त्यात आढळलं. मात्र मुलाखत जितकी नीट आखलेली, तितका हा परिणाम कमी. आणि नोकरी लागल्यावर माणूस काम कसं करतो याच्याशी या गोष्टींचा संबंध त्या मानाने फारच थोडा. तेव्हा स्वच्छ कपडे घाला, वेळेआधी पोचा, समोरच्याकडे पाहून स्पष्ट बोला. यासाठी एक संध्याकाळ पुरते. तीन महिन्यांचा क्लास लागत नाही.

आता उलट प्रश्न. स्वभावातल्या कोणत्या गुणाचा खरोखर उपयोग होतो? मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये निरनिराळ्या व्यवसायांतल्या अभ्यासांची छाननी करून याचं उत्तर शोधलं. व्यक्तिमत्त्वाच्या पाच मुख्य पैलूंपैकी एकच पैलू त्यांनी तपासलेल्या सगळ्या व्यवसायगटांत चांगल्या कामाशी जोडलेला आढळला : कर्तव्यदक्षता. हातात घेतलेलं काम पुरं करणं, वेळ पाळणं, नोंदी नीट ठेवणं, चूक झाली तर लपवण्याऐवजी दुरुस्त करणं. बोलका, मिसळणारा स्वभाव उपयोगी ठरला तो प्रामुख्याने विक्री आणि व्यवस्थापनाच्या कामांत. म्हणजे हिशेबनीस, प्रयोगशाळा सहायक, प्रोग्रॅमर किंवा ड्राफ्ट्समन व्हायला निघालेल्या अबोल मुलीला ‘जरा बोलकी हो, नाहीतर कोण घेणार तुला’ असं ऐकवणाऱ्यांच्या म्हणण्याला आधार नाही. तिने मुलाखतीत आपल्या कामाविषयी नीट सांगावं, एवढं पुरेसं आहे.

अडचण अशी, की कर्तव्यदक्षता चेहऱ्यावर दिसत नाही आणि ‘मी खूप मेहनती आहे’ या वाक्यातूनही कळत नाही. ते वाक्य प्रत्येक उमेदवार म्हणतो. ती दिसते घडलेल्या प्रसंगातून. समजा, एखादा मुलगा गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार होता. ‘मी सामाजिक कार्यात सक्रिय आहे’ असं तो म्हणाला, तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तोच जर म्हणाला, ‘आधीच्या वर्षी पावतीपुस्तकं आणि जमा रक्कम जुळत नव्हती. मी प्रत्येक पुस्तकाला क्रमांक दिला, कुणाला कोणतं दिलं ते वहीत लिहिलं, रोज रात्री रक्कम मोजून बँकेत भरली. विसर्जनानंतर सभेत हिशेब वाचून दाखवला,’ तर त्याचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. दूध संकलन केंद्रावर फॅटच्या नोंदी ठेवणं, महा ई-सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरून देणं, आजारी वडिलांचं किराणा दुकान सांभाळणं, यातलं काहीही असंच सांगता येतं. काय अडचण होती, मी स्वतः काय केलं, त्यातून काय झालं. आपल्या मुलांकडे असे प्रसंग भरपूर असतात. हे मुलाखतीत सांगण्यासारखं आहे, हेच त्यांना ठाऊक नसतं.

दुसरा आकडा पहिल्याचाच सख्खा भाऊ आहे : ‘८५ टक्के यश सॉफ्ट स्किल्समुळे, १५ टक्के ज्ञानामुळे, हार्वर्ड आणि स्टॅनफर्डचं संशोधन.’ याचा माग काढत गेलं की आपण १९१८ सालापाशी पोचतो. चार्ल्स मान यांनी अमेरिकेतल्या अभियांत्रिकी शिक्षणावर एक अहवाल लिहिला आणि तो कार्नेगी फाउंडेशनने प्रसिद्ध केला. यशस्वी अभियंत्याला कोणते गुण लागतात, असं त्यासाठी अभियंत्यांनाच विचारलं होतं. चारित्र्य, निर्णयशक्ती, कार्यक्षमता, माणसांची समज, विषयाचं ज्ञान आणि शेवटी तंत्र, असा क्रम त्यांनी लावला. हे शंभर वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांचं मत होतं, मोजमाप नव्हतं. पुढे १९३६ मध्ये डेल कार्नेगी यांच्या लोकप्रिय पुस्तकात १५ आणि ८५ हे आकडे आले आणि तिथून ते जगभर पसरले. मूळ यादीतले पहिले तीन गुण पुन्हा वाचा. त्यात हस्तांदोलन नाही, वक्तृत्वही नाही. शिवाय ते अभियंते आधीच अभियंते होते. ज्ञान त्यांच्याकडे होतंच.

‘पहिल्या ३० सेकंदांत निकाल लागतो’ हेही खरं नाही. सहाशेहून अधिक प्रत्यक्ष मुलाखतींच्या एका अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या मिनिटातच निर्णय झाल्याचं सांगणारे मुलाखतकार सुमारे ५ टक्के निघाले. सुरुवात अडखळती झाली तरी पुढे भरपूर वेळ असतो.

‘सही बदला, अक्षर बदला, नोकरी लागेल.’ फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये नोकरीसाठी माणसं निवडण्याच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात हस्ताक्षर परीक्षेचा कामगिरीशी संबंध ०.०२ निघाला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध.

‘फाडफाड इंग्रजीशिवाय मोठी नोकरी नाही.’ इंग्रजी ज्या कामाला लागतं त्या कामासाठी ते शिकावंच लागतं. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते. ती मुलाखत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुणांची असते आणि तिथे काय पाहतात ते आयोगाने अधिसूचनेत छापलेलं आहे : मानसिक सजगता, आकलन, स्पष्ट आणि तर्कशुद्ध मांडणी, निर्णयातला समतोल, आवडीनिवडींची विविधता आणि खोली, नेतृत्व, बौद्धिक आणि नैतिक सचोटी.

‘माहीत नाही असं कधी म्हणू नये.’ जरूर म्हणावं. वरच्या यादीतला शेवटचा गुण त्यासाठीच आहे. येत नसलेल्या उत्तराभोवती घातलेला घोळ अनुभवी माणसाला लगेच कळतो, आणि मग तुमच्या खऱ्या उत्तरांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

‘सरकारी नोकरीत मुलाखतीला पैसे चारावे लागतात.’ केंद्र सरकारच्या गट ब अराजपत्रित, गट क आणि त्याखालच्या पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद आहेत. ज्या पदाला मुलाखतच नाही, त्या मुलाखतीसाठी पैसे मागणारा एजंट तुम्हाला लुटतो आहे. पोलिसांत जा.

‘ओळखीशिवाय काही होत नाही.’ ओळखीचा उपयोग होतो, पण आपण समजतो तसा नेहमी वशिल्याच्या वाटेने नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत दाखवून दिलं, की नोकरीची बातमी बरेचदा जवळच्या नातेवाइकांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून कळते, कारण घरच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवर झालेला आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास साधारण हेच सांगतो. आयटीआयचे जुने निदेशक, दोन वर्षं पुढे असलेली सीनिअर, गावाकडून चाकणला गेलेला शेजारी यांना आपण काम शोधतोय हे सांगण्यात कमीपणा मानू नका.

राहिले मुलाखत घेणारे, आणि मुलांइतकंच मला त्यांच्याशी बोलायचं आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींची आकडेवारी नव्याने तपासली. सर्वांना तेच प्रश्न, तेच निकष अशा आखीव मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.४२ निघाला. मनाला येईल ते विचारून केलेल्या गप्पांचा फक्त ०.१९. पतसंस्था असो, शाळा असो, औद्योगिक वसाहतीतलं लहान वर्कशॉप असो, ‘माणूस पाहताक्षणी ओळखतो’ या भरवशावर माणसं निवडू नका. कामाशी संबंधित सहा-सात प्रश्न आधी कागदावर लिहा. प्रत्येक उमेदवाराला तेच विचारा. उत्तर ऐकलं की तिथल्या तिथे गुण मांडा, आणि शक्य असेल तर ज्या कामासाठी घेताय त्याचा एक छोटा नमुना समोर करून घ्या. यासाठी खर्च शून्य आहे, आणि मागून आणलेल्या कोटातल्या मुलाला त्याचं काम दाखवण्याची संधी मिळते.