धूर आडवा पसरतो, तेव्हा आवाज लांब जातो

जानेवारीतल्या पहाटे हातखंब्याच्या आसपासच्या एखाद्या वाडीत उभं राहून पाहावं. खळ्याच्या कडेला पेटवलेल्या बंबाचा धूर सरळ वर चढत नाही. तो थोडा उंच जातो, थबकतो आणि आडवा होऊन आंब्याच्या झाडांमधून पसरत राहतो. त्याच वेळी महामार्गाच्या चढावर ट्रकने बदललेला गिअर अगदी परसातून आल्यासारखा ऐकू येतो. दुपारी हाच ट्रक, हाच चढ, पण कानाला काही जाणवत नाही.

धूर आडवा होतो आणि आवाज जवळ येतो, या दोन्हींचं कारण एकच आहे. रात्रीच्या आवाजाची मोजणी करायची असेल, तर सुरुवात या कारणापासूनच करायला हवी.

हातखंबा म्हणजे तिठा. रत्नागिरीपासून सुमारे १२-१३ किलोमीटरवर मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता इथे एकमेकांना भेटतात आणि पालीपर्यंत एकाच वाटेने जातात. दोन्ही रस्त्यांचं चौपदरीकरण या पट्ट्याने पाहिलं आहे. मोठा रस्ता बांधायचा म्हणजे खडी क्रशर लागतो, डांबराचा प्लांट लागतो, काँक्रीटचा बॅचिंग प्लांट, जनरेटर आणि डंपर लागतात. कोकणातल्या कुठल्याही तिठ्याला, कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या वाडीला आज ना उद्या पडणारा प्रश्न असा : रात्री झोप मोडते, पण ती कशामुळे आणि किती, हे सिद्ध कसं करायचं?

रात्रीची हवा

आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. २० अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ३० अंशांना सुमारे ३४९ मीटर. फरक लहान वाटतो, पण आवाजाची दिशा वळवायला तो पुरतो. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची थंड असते. अशा हवेत आवाजाच्या लहरी वरच्या बाजूला वळतात आणि काही अंतरावर जमिनीलगत आवाजाची सावली पडते. रात्री आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन लवकर निवते. तिच्या लगतची हवा थंड होते आणि वरची तुलनेने उबदार राहते. आता लहरी खाली वळतात, वर निघून जाणारा आवाज पुन्हा जमिनीकडे येतो. धुरालाही ही वरची उबदार हवा झाकणासारखी अडवते, म्हणून तो आडवा होतो.

इथल्या भूगोलाने या परिणामाला आणखी जोर येतो. सड्यावरची थंड हवा रात्री उतारावरून घरंगळते आणि खोऱ्यातल्या वाड्यांवर साचते. पहाटे पऱ्याच्या अंगाने दिसणारं धुकं ही त्याचीच खूण. सड्यावरचा जांभा कातळ कठीण असल्याने आवाज फारसा शोषत नाही. भातशेतीची मोकळी माती किंवा गवताळ जमीन जेवढा आवाज जिरवते, तेवढा कातळ जिरवत नाही, तो परतवतो. त्यात किनारपट्टीवर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वळतो, उलट दिशेने जाणारा वर. म्हणून यंत्रांच्या पश्चिमेला असलेल्या घरांना एकच क्रशर दिवसा सौम्य आणि रात्री त्रासदायक वाटू शकतो. यंत्राने आवाज वाढवलेला नसतो. आवाजाच्या वाटेवरची हवा बदललेली असते.

यातून पहिला नियम निघतो. रात्रीच्या त्रासाची मोजणी दुपारी करून काहीच कळत नाही. ती रात्रीच व्हावी, तीही ज्या रात्री धूर आडवा होतो अशा रात्री.

डेसिबलचा हिशेब

डेसिबलमध्ये साधी बेरीज-वजाबाकी चालत नाही. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली की आकडा ३ ने वाढतो, दहापट झाली की १० ने. ४५ डेसिबलची दोन यंत्रं शेजारी चालली तर ९० नव्हे, ४८ डेसिबल होतात. एका जागी असलेल्या यंत्राचा आवाज अंतर दुप्पट झालं की ढोबळमानाने ६ डेसिबलने घटतो. समजा, एक क्रशर १०० मीटरवर ६५ डेसिबल देतो. या हिशेबाने २०० मीटरवर ५९, ४०० मीटरवर ५३ आणि ८०० मीटरवर ४७ डेसिबल होतील. महामार्ग मात्र लांबलचक रेघ आहे. सतत वाहणाऱ्या रहदारीचा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर ३ डेसिबलनेच घटतो.

केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागासाठी ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात रात्री ४० च. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात रात्रीचा घराबाहेरचा आवाज ४० डेसिबलपर्यंत असावा असं म्हटलं आहे. याचं कारण झोपेत आहे. जाग आली नाही तरी कान बंद होत नाहीत. आवाज आला की हृदयाचे ठोके वाढतात, गाढ झोप उथळ होते आणि माणूस सकाळी शिणलेलाच उठतो.

नियमातला आकडा एका क्षणाचा नसून सरासरीचा असतो, आणि ती सरासरी ऊर्जेची असते. समजा, आठ तासांची रात्र ३० डेसिबलवर शांत गेली आणि फक्त एक मिनिट खडी ओतण्याचा ७५ डेसिबलचा खडखडाट झाला. संपूर्ण रात्रीची सरासरी ४८ डेसिबल निघते! एका मिनिटाने रात्र मर्यादेबाहेर जाते. म्हणून मधूनच येऊन १५ मिनिटं मोजून जाणं पुरत नाही. ते एक मिनिट त्यात सापडेलच याची खात्री काय?

आकड्यात न सापडणारी घरघर

याच्या उलट गोष्ट संथ घरघरीची. माणसाचा कान खर्जाच्या आवाजाला मंद आणि मधल्या पट्टीला तीक्ष्ण असतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यावर आधारलेली 'ए' भारांकनाची पद्धत आजही मीटरमध्ये वापरतात. त्यात १०० हर्ट्झचा आवाज सुमारे १९ डेसिबलने कमी धरला जातो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झवर असते. मोठे पंखे आणि जनरेटर याच खर्जात बोलतात. ६० डेसिबलची अशी घरघर मीटरवर ४१ दिसते आणि ४५च्या मर्यादेत आरामात बसते.

घरातल्या माणसाचा अनुभव वेगळा असतो. १०० हर्ट्झची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. ती कुंपणाच्या भिंतीला वळसा घालते आणि कौलांतून, खिडकीतून आत शिरते. जांभ्याची जाड भिंत चढे आवाज छान अडवते. उरतो तो फक्त खर्ज, आणि शांत खोलीत तोच भरून राहतो. खिडकी लावल्यावर आवाज वाढल्यासारखा वाटतो अशी तक्रार कुणी केली, तर तिला भास म्हणून झटकून टाकू नये. तिच्यामागे भौतिकशास्त्र आहे.

म्हणून चांगल्या मोजणीत आवाजाचे खर्जापासून टिपेपर्यंत पट्टे पाडतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत एकाच सुराच्या घरघरीसाठी मोजलेल्या आकड्यात काही डेसिबल दंड म्हणून मिळवतात, ठोक्यांच्या आवाजासाठीही तसंच. आपल्या नियमांच्या तक्त्यात अशी भर नाही. ती यायला हवी.

पट्ट्यांचा आणखी एक उपयोग इथे फार मोठा आहे. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस, बेडूक आणि रातकिडे मिळूनच ४५ डेसिबल ओलांडू शकतात. रातकिड्यांची किरकिर काही हजार हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असते, यंत्रांची घरघर खाली. पट्टे पाडले की दोघांचा हिशेब वेगळा करता येतो.

मोजणी कशी व्हावी

मीटर मोकळ्या जागी, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून काही मीटर दूर लावतात. मायक्रोफोनवर वाऱ्यासाठी फोमचा गोळा चढवतात. सुरुवातीला आणि शेवटी ९४ डेसिबलचा ठरावीक सूर ऐकवून मीटर बरोबर आहे ना, हे तपासतात. रात्रभराची नोंद सलग ठेवतात आणि सोबत वाऱ्याची दिशा, तापमान लिहितात. मग सगळ्यात महत्त्वाचं : यंत्रं बंद असतानाची मोजणी. यंत्रांसह ४८ आणि यंत्रांविना ४५ आले, तर यंत्रांचा स्वतःचा वाटा ४५ डेसिबल. ही दुसरी मोजणी नसेल, तर क्रशरचा दोष महामार्गावर किंवा महामार्गाचा दोष क्रशरवर जातो. हातखंब्यासारख्या तिठ्यावर हा धोका सर्वात मोठा आहे.

मोजणीने निकाल बदलतो, हे मुंबईने पाहिलं आहे. मेट्रो ३च्या रात्रीच्या कामाविरुद्ध कफ परेडमधून उच्च न्यायालयात याचिका गेली. २०१७च्या अखेरीस न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत काम थांबवलं. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये ही बंदी काही कामांपुरती शिथिल झाली. या प्रकरणात नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या तज्ज्ञांची मदत घेतली गेली. कोणतं काम रात्री चालेल आणि कोणतं नाही, असा फरक करता येतो, हे त्यातून दिसलं.

पण मोजणीची यंत्रणा शहरांभोवतीच उभी आहे. २०११ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय ध्वनिमापन जाळं मुंबईसह सात महानगरांत बसलं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने 'नीरी'कडून आवाजाचे नकाशे करून घेतले, तेही २७ शहरांचे. क्रशर, डांबर प्लांट आणि खाणी मात्र गावांच्या हद्दीत असतात. शहरात रात्रीही एक गुणगुण असतेच. वाडीची रात्र मुळातच शांत, त्यामुळे तिथे तेवढाच आवाज जास्त खुपतो. जिथे शांतता सर्वात जास्त उरली आहे, तिथे ती मोजायला कुणी नाही, ही खरी उणीव आहे.

वहीपासून सुरुवात

महागडं यंत्र येईपर्यंत गावाने थांबू नये. एक वही आणि घड्याळ पुरतं. तारीख, आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला, घरघर होती की खडखडाट, वारा कुठून होता, आकाश कसं होतं आणि पहाटे धूर वर गेला की आडवा झाला. तीन-चार घरांनी महिनाभर अशी नोंद ठेवली, तर आवाज कुठून आणि कोणत्या हवेत येतो याचं चित्र उभं राहतं. मोबाइलमधलं अ‍ॅप कालच्या रात्रीशी आजची तुलना करायला ठीक, पण पुरावा म्हणून त्यावर विसंबू नये. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल, तर तक्रार करण्याचा अधिकार नियमांनीच नागरिकाला दिला आहे. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तरीही तक्रार करता येते.

उपायही अवघड नाहीत. खडी पडते त्या पत्र्याला रबराचं अस्तर, जनरेटरला ध्वनिरोधक कवच, यंत्राचं तोंड वस्तीपासून वळवणं आणि खडखडाटाची कामं रात्री १० च्या आत उरकणं. एखादी झाडांची रांग लावून फारसं साधत नाही. आवाज अडवायला दाट झाडीचा रुंद पट्टा लागतो. आवाज जिथे जन्मतो तिथेच तो कमी करणं सर्वात स्वस्त पडतं.

येत्या हिवाळ्यातल्या ग्रामसभेत एवढा एक ठराव व्हावा : मोजणी दिवसा नको, रात्रभर हवी, जानेवारीतल्या निरभ्र रात्री हवी, पट्टे पाडून हवी आणि यंत्रं बंद ठेवूनही हवी. मोजायला येणाऱ्यांनी कोणती रात्र निवडावी असं विचारलं, तर पहाटे बंब पेटवणाऱ्या घराला विचारायला सांगावं. धूर कधी आडवा होतो, हे त्या घराला ठाऊक असतं.