गावचं मैदान कसं हवं, ते ग्रामसभेत सांगा

उमरेड : मैदान नवं करायचं म्हटलं की झुले अन् घसरगुंडीच आठवते. पण पोलीस भरतीच्या पोरांना 1600 मीटर, पोरींना 800 मीटर धावायचा सराव लागतो. काळ्या मातीत मुरूम नसला तर पावसाळाभर चिखल. हे आराखड्यात यावं म्हणून ग्रामपंचायतीला लेखी द्या, विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. बायांनी ग्रामसभेआधीच्या महिला सभेत बोलावं.

ग्रामसभेचा कोरम 15 टक्के किंवा 100 मतदार, यात जो आकडा कमी तो. कोरम नसला की सभा तहकूब. पुढच्या सभेला कोरमची अटच नाही. म्हणजे आपण घरी बसलो, तर चार जणं मैदान ठरवून मोकळे.