मूळ ठसे, नंतरची छपाई

जपानी चित्रकार कावासे हासुई 1957 साली वारले, पण त्यांची चित्रं छापणं थांबलं नाही. आणि ही नंतरची छापचित्रं बनावट म्हणता येत नाहीत. ज्या प्रकाशकाने ती हासुईंच्या हयातीत काढली, त्याच वातानाबे पेढीने ती पुढेही काढली, पुष्कळदा त्याच लाकडी ठशांवरून. जपानी छापचित्रं जमवणाऱ्या नवख्या माणसाचा गोंधळ इथेच उडतो.

याचं मूळ धंद्याच्या रचनेत आहे. चित्रकार फक्त चित्र काढायचा. चेरीच्या फळीवर ते कोरायचा एक कारागीर, छापायचा दुसरा, आणि पैसा घालणारा प्रकाशक ठशांचा मालक. वातानाबे शोझाबुरो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जुनी पद्धत ‘शिन-हांगा’, म्हणजे नवं छापचित्र, या नावाने पुन्हा उभी केली. चित्रकार गेला तरी फळ्या प्रकाशकाच्या कपाटातच राहतात. मागणी आली की त्या बाहेर निघतात.

अपवाद 1923 चा. 1 सप्टेंबरच्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत वातानाबेंचं दुकान जळालं, त्यात ठसेही गेले. म्हणून त्या तारखेआधीच्या एखाद्या चित्राची नंतरची प्रत कुणी ‘मूळ ठशांवरून’ म्हणून विकत असेल, तर सावध व्हावं. ते ठसे बहुधा नव्याने कोरलेले असणार.

1925 चं ‘शिबा येथील झोजोजी’ हे हासुईंचं सर्वांत खपलेलं चित्र. लाल देवळासमोर पाइनचं झाड, तिरका हिमवर्षाव, छत्री सावरत चाललेली बाई. जमिनीवरचा बर्फ म्हणजे रंग न लागलेला कोरा कागदच. इतक्या लोकप्रिय चित्राच्या प्रती वेगवेगळ्या काळात निघणारच, आणि त्या ओळखायला आधार शिक्क्यांचा. युद्धानंतर हासुई हयात असताना वातानाबेंचा छोटा गोल शिक्का साधारण 6 मिलिमीटरचा असे, हासुईंच्या पश्चात तो 7 च्या आसपास गेला. एका मिलिमीटरवर किंमत कितीतरी पटींनी बदलते. हौशी लोक खिशात मोजपट्टी बाळगतात ते उगाच नाही.

दोई या दुसऱ्या एका प्रकाशक पेढीच्या चित्रांवर तर समासात कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असतं. कोरणारा-छापणारा ही जोडी बदलली की छपाईचा काळ बदलला, असा माग काढता येतो. मला ही पद्धत फार आवडते. चित्रकाराच्या सहीमागे झाकला गेलेला कारागीर इथे निदान नावानिशी भेटतो.

योशिदा हिरोशी यांचा मामला निराळा. ते स्वतःच आपले प्रकाशक होते आणि कारागिरांच्या डोक्यावर बसून काम करून घ्यायचे. 1931 साली त्यांनी ताजमहालाच्या बागेचं चित्र केलं, दिवसाचं आणि रात्रीचंही. स्वतःच्या देखरेखीखाली निघालेल्या प्रतींच्या समासात ते ‘जिझुरी’, म्हणजे स्वतः छापलेलं, असा शिक्का मारत आणि पेन्सिलीने सही करत. 1950 साली ते गेल्यावर घरच्यांनी त्याच ठशांवरून प्रती काढल्या, पण त्यांवर जिझुरी नाही आणि सहीही शिक्क्याची. फसवणूक कुठेच नाही. वाचता यायला हवं, एवढंच.

तिसरी जात आदाची संस्थेसारख्यांची. 1928 पासून तोक्योत चालणारं हे काम म्हणजे होकुसाई, हिरोशिगे या जुन्या चित्रकारांची चित्रं नव्या चेरीच्या फळ्यांवर पुन्हा कोरून छापणं. कागद एचिझेनचा, इवानो इचिबेई यांच्या घरचा जाड होशो. होकुसाईच्या प्रसिद्ध चित्रातली लाट जुन्या प्रतींत फिकी पडलेली दिसते, इथे ती पहिल्या दिवशी असावी तशी निळी. संग्राहक याला नाक मुरडतात, पण भिंतीवर लावायला मी हीच घेईन.

‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने अनुक्रमांक घातला म्हणून छपाई चांगली होत नाही. एदो काळात, म्हणजे होकुसाईच्या जमान्यात, जेवढा खप, तेवढ्या प्रती निघत. आकडा टंचाईची हमी देतो, हाताची नाही.

हात पाहायचा तर चित्र उलटं करा. बारेन, म्हणजे बांबूच्या सालीच्या दोरीचं वेटोळं सालीतच गुंडाळून केलेली चकती, कागदाच्या पाठीवर दाबून फिरवतात. रंग तंतूंत मुरतो, मागे उमटतो, आणि तिरप्या उजेडात चकतीचे फिरते माग दिसतात. पुढच्या बाजूला आभाळाची छटा गडदाकडून फिक्याकडे विरत जायला हवी. तिला ‘बोकाशी’ म्हणतात; ती फळीवर कोरलेली नसते, दर प्रतीला ओल्या फळीवर रंग ओढून नव्याने साधावी लागते. घाईची नंतरची छपाई पहिल्यांदा इथेच उघडी पडते: विरण्याऐवजी पट्टा दिसतो. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले, तर ते यंत्रावरचं छापील चित्र आहे, पुढे बोलायलाच नको.

आणि समास कापलेली प्रत स्वस्तात मिळाली तरी दुकानातच ठेवावी. कुणीतरी ती चौकटीत बसवण्यासाठी कात्री चालवलेली असते, आणि शिक्के, कारागिरांची नावं, जिझुरी, सगळं त्या पट्टीबरोबर कचऱ्यात गेलेलं असतं.