स्पीकरची वायर : महाग की जाड?

समजा तुमच्या घरी ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आणले आहेत. एक स्पीकर ॲम्प्लिफायरशेजारीच राहिला. दुसरा मात्र पलीकडच्या खोलीत न्यायचा आहे. वायर आणायला तुम्ही दुकानात जाता. तेथे एक साधी दुपदरी वायर असते आणि शेजारी चकचकीत वेष्टनातली, कितीतरी पट महाग अशी 'खास' वायर. "आवाज चांगला हवा ना? मग हीच न्या," असे दुकानदार म्हणतो. आता कोणती घ्यावी? याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे!

ॲम्प्लिफायरमधून निघालेला विद्युत्प्रवाह एका तारेने स्पीकरकडे जातो व दुसरीने परत येतो. स्पीकरमध्ये चुंबकाजवळ तारेचे एक वेटोळे असते. प्रवाहामुळे ते मागेपुढे हलते, त्याला चिकटवलेला शंकू हलतो आणि आवाज उमटतो. वाटेतली तार मात्र या प्रवाहाला थोडा रोध करतेच. हा रोध आपण ओहम या एककात मोजतो. ज्यांच्यावरून हे नाव पडले, त्या जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी आपला प्रसिद्ध नियम १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. तार जितकी लांब तितका रोध जास्त. जितकी जाड तितका कमी. शिवाय तार कोणत्या धातूची आहे, यावरही तो अवलंबून असतो. किंमत मात्र या हिशेबात कोठेच येत नाही!

चला, थोडे गणित करू. १ चौ. मि.मी. छेदाच्या, १ मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. स्पीकर १० मीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याची मिळून तार झाली २० मीटर. म्हणजे रोध ०.०१७ × २० = ०.३४ ओहम. स्पीकर ८ ओहमचा असेल, तर एकूण ८.३४ पैकी ०.३४, म्हणजे शंभरातले सुमारे ४ भाग शक्ती तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाते. एवढा फरक कानाला सहसा कळत नाही. स्पीकर ४ ओहमचा असेल, तर मात्र हेच नुकसान जवळजवळ दुप्पट होते. म्हणून एक सोपा नियम लक्षात ठेवा : तारेचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या विसाव्या हिश्श्याहून कमी असावा.

दुकानात १४/३६, २३/३६, ४०/३६ अशी नावे ऐकू येतात. पहिला आकडा आतील बारीक तारांची संख्या सांगतो, तर दुसरा त्या तारेचा गेज. ३६ गेजची तार सुमारे ०.१९ मि.मी. जाड असते. यावरून १४/३६ चा छेद सुमारे ०.४ आणि ४०/३६ चा सुमारे १.२ चौ. मि.मी. येतो. ८ ओहमचा स्पीकर ३ मीटरवर असेल, तर १४/३६ पुरते. १० मीटरवर असेल, तर ४०/३६ घ्यावी. पडताळा तुम्हीच करून पहा.

स्वस्त घेताना एक सावधगिरी मात्र हवी. काही वायरींत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो. मोठ्या माणसांच्या मदतीने एक तार ब्लेडने हळूच खरवडा. आत लालसर दिसली तर तांबे. पांढरट दिसली तर ॲल्युमिनियम!

वायर जोडताना ॲम्प्लिफायर बंद ठेवा. एका टोकाची केसाएवढी तार जरी दुसऱ्या टोकाला चिकटली, तरी ॲम्प्लिफायर बिघडू शकतो. दोन्ही स्पीकरना लाल टोक लालला आणि काळे काळ्यालाच जोडा. एकाचे उलटे झाले, तर एक शंकू पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि तबल्याचा डग्गा, ढोल यांचे खर्जाचे आवाज फिके पडतात. आणि या वायरीला भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात बसेल अशी पिन कधीही लावू नका. कुणी ती चुकून बोर्डात खुपसली, तर स्पीकर तर जळेलच, पण जिवावरही बेतेल.

तेव्हा वायर आणायला जाताना पैशांबरोबर खिशात कागद-पेन्सिलही असू द्या. दुकानदाराच्या शब्दापेक्षा तुमचे गणित अधिक भरवशाचे आहे!