गॅसची शेगडी आणि आपल्या जुन्या सवयी

गेल्या कार्तिकात आमच्या गल्लीतील एका घरी नवी सून आली. माहेर किनवटकडचे, शिक्षण मराठी माध्यमातून. एके दिवशी सायंकाळी ती नव्या शेगडीबरोबर मिळालेली पुस्तिका घेऊन आमच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "गुरुजी, यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगता का? आत्याबाईंना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. मला तर बोलताही येत नाही." पुस्तिकेत एका बाजूस तेलुगू व दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर होता.

इचोड्यासारख्या गावात हा प्रसंग नवा नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले. आम्ही अलीकडे राहिलो. सोयरिकी मात्र पूर्वीसारख्याच किनवट, माहूर, पांढरकवडा या बाजूंनी होत राहिल्या. सून मराठी घरातून मराठी घरात येते. परंतु औषधाच्या बाटलीवर, खताच्या पोत्यावर आणि गॅसच्या कार्डावर जे लिहिलेले असते ते तिच्या वाचनात येत नाही. खताचे एक वेळ चालेल. गॅसचे चालत नाही.

ती पुस्तिका मी तिला मराठीतून सांगितली. सूचना वीस-पंचवीस होत्या. सांगता सांगता माझ्या ध्यानात आले की त्यांतील बहुतेक सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि तीच तेवढी त्या पुस्तिकेत कोठे ठळकपणे सांगितलेली नाही. आपल्या टाकीतला वायू हवेपेक्षा जड असतो, ही ती गोष्ट. गळाला तर तो वर जात नाही, खाली बसतो. पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो, उंबरठ्याशी अडतो, मोरीत उतरतो आणि हवेने हलवला नाही तर तेथेच राहतो. आपले डोळे आणि आपल्या सवयी तयार झाल्या त्या चुलीपुढे. चुलीचा धूर वर जातो. आपण वर पाहतो, आणि धोका पायांशी असतो.

माझी विद्वत्ता या विषयात किती तोकडी होती हे २००३ सालच्या मार्गशीर्षात मला चांगलेच कळले. आमच्या मातोश्री नुकत्याच खेड्यावरून आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. त्यांचे सारे आयुष्य चुलीपुढे गेलेले. पऱ्हाट्या आणि गोवऱ्या हे त्यांचे इंधन, आणि हातात सदैव फुंकणी. आमच्या भागात थंडी कडक पडते. त्या पहाटेही पडली होती. टाकी संपत आलेली, म्हणून शेगडीची ज्योत अगदी बारीक झाली. मातोश्रींनी जे पन्नास वर्षे केले तेच केले. विस्तव मंदावला म्हणून तो फुलावा या हेतूने वाकून फुंकर घातली. ज्योत विझली. चूल विझली की विझली, या समजुतीने त्यांनी दूध उतरवून ठेवले आणि त्या स्नानास गेल्या. शेगडीची कळ उघडीच राहिली.

आमचे देवघर तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, बुटक्या चौरंगावर होते. स्नान करून मातोश्री देवापुढे बसल्या आणि त्यांनी काडेपेटी हातात घेतली. पत्नीला त्या दिवशी सर्दी होती, तिला वास आला नाही. मी वर्तमानपत्रात गुंतलेलो. वास आला तो धाकट्या मुलीला, कारण ती शेजारच्या खोलीत जमिनीवर अंथरुणात होती. "आई, कसला घाण वास येतोय?" या तिच्या एका प्रश्नावर आमचे घर उभे राहिले. पत्नीने धावत जाऊन मातोश्रींच्या हातातील काडेपेटी घेतली. मी, एम. ए. झालेला मनुष्य, अंधारात कळ दिसावी म्हणून दिव्याच्या बटणाकडे हात नेला. तोही तिनेच मागे ओढला. बटण दाबताना आत जी सूक्ष्म ठिणगी पडते ती काडीइतकीच पुरेशी असते, हे तिने कोठेतरी वाचलेले होते.

सारे निवळल्यावर मातोश्री म्हणाल्या, "चुलीनं कधी असं केलं नाही बाबा. चूल विझली की विझते. हे विझून जिवंत राहतं." याहून अचूक वर्णन मला आजवर कोठल्याही पुस्तिकेत आढळलेले नाही.

वायू जड असतो म्हणजे काय, हे पुढे आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांनी मुलांना ज्या प्रयोगाने दाखविले तो घरीही करता येतो. एका मोठ्या काचेच्या भांड्यात लहान, मध्यम व उंच अशा तीन मेणबत्त्या उभ्या करून पेटवाव्यात. दुसऱ्या एका उंच भांड्यात खाण्याचा सोडा घेऊन त्यावर लिंबाचा रस पिळावा. फसफसून जो वायू निघतो तो दिसत नाही. परंतु ते भांडे, आतील रस सांडू न देता, पाणी ओतावे तसे हळूच मेणबत्त्यांच्या भांड्याच्या काठाशी कलते केले, की प्रथम लहान मेणबत्ती विझते, मग मधली आणि शेवटी उंच. वायू तळापासून भरत वर येतो. हा झाला कर्बद्विप्राणिल वायू; तो विझवितो. आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेनचा जडपणा नेमका या कर्बद्विप्राणिलाइतकाच, म्हणजे हवेच्या सुमारे दीडपट असतो, आणि ब्युटेन तर हवेच्या दुप्पट जड. फरक एवढाच की हा विझवीत नाही, पेटतो. हवेत तो शेकडा सुमारे दोन भाग झाला की ठिणगीची वाट पाहत राहतो. टाकीत तो दाबाखाली द्रवरूपात असतो आणि बाहेर पडताच सुमारे अडीचशे पट फुगतो. म्हणून थोड्या गळतीनेही खोली भरते.

मुळात या वायूला वास नसतो. आपल्याला जी दुर्गंधी येते ती मर्कॅप्टन नावाचे द्रव्य मुद्दाम मिसळल्याने, नाकाला इशारा मिळावा म्हणून. हा इशारा चुकवू नये. मात्र सर्दी झालेल्या नाकावर किंवा म्हाताऱ्या नाकावर विसंबूही नये.

शहरातील लेकी-जावई सुटीत आले की निराळा सल्ला देतात, त्याचाही उलगडा येथेच होतो. मुंबईस १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो वायू दगडी कोळशापासून काढलेला, नळाने येणारा आणि हवेहून हलका असे. टाकीतला जड वायू पुढे १९५० च्या दशकात बर्मा-शेल कंपनीच्या 'बर्शेन' या नावाने मुंबईच्या स्वयंपाकघरांत आला. आज मुंबई-पुण्यास पुन्हा नळाने जो वायू येतो तो मिथेन; तोही हलका, छताकडे जाणारा. म्हणून तेथे वरचा झरोका महत्त्वाचा, आणि आपल्याकडे दार व जमिनीलगतची मोकळी जागा. एकाचा नियम दुसऱ्यास लावू नये.

जडपणाची ही गोष्ट एकदा मनात बसली की पुढील गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. टाकी लाकडी कपाटात किंवा फडताळात कोंडून का ठेवू नये? कारण गळालेला वायू तेथेच साचेल. कपाटच असेल तर त्याला तळाशी भोके हवीत. टाकी खड्ड्यात किंवा मोरीच्या तोंडाशी नको. ती उभीच असावी. शेगडी टाकीपेक्षा उंच जागी असावी. आमच्या भागात अजूनही कित्येक घरी खाली बसून भाकरी थापण्याची सवय आहे, म्हणून शेगडीही जमिनीवरच ठेवतात. ही सवय मोडावी. तांदूरच्या फरशीचा साधा ओटा करून घेण्यास फार खर्च येत नाही. भाकरी खाली थापून वर भाजता येते. देवघर स्वयंपाकघरातच असेल तर निदान ते टाकीच्या शेजारी व जमिनीलगत नसावे. आणि ज्याचा आपण विचारही करीत नाही तो फ्रिज! तो आपोआप सुरू होतो व बंद होतो, दर वेळी त्याच्या तळाशी ठिणगी पडण्याचा संभव असतो, आणि आपण हौसेने तो टाकीला खेटून उभा करतो.

आता निगा. शेगडीची प्रकृती ज्योतीच्या रंगावरून कळते. ज्योत निळी आणि स्थिर असावी. पिवळी पडून भांड्याला काजळी धरू लागली तर वायूला पुरेशी हवा मिळत नाही असे समजावे. अशा जळण्यातून विषारी धूरही निर्माण होतो, आणि थंडीत दारे-खिडक्या लावून घेतलेल्या घरात तो बाधतो. बहुधा कारण साधे असते. दूध उतू जाऊन बर्नरची भोके बुजलेली असतात. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर बर्नरची टोपी काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी, भोके टाचणीने मोकळी करावीत, आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच नीट खाचेत बसवावी. टोपी पितळी असल्याने चिंचेने घासण्याचा मोह आपल्या बायकांना होतोच. घासावी, पण चिंचेचा कण भोकात राहू देऊ नये. मात्र आतील जेटच्या सूक्ष्म छिद्रात सुई कधीही घालू नये. ते छिद्र रुंदावले की ज्योत कायमची बिघडते. कळ घट्ट झाली तर पकडीने फिरवू नये व तेल सोडू नये. ते मिस्त्रीचे काम. मे महिन्याच्या सुटीत महिनाभर घर बंद ठेवून परत आल्यावर शेगडी पेटविताना 'फट्' असा आवाज येऊन ज्योत खाली नळीतच जळू लागली, तर ताबडतोब बंद करावी. आत कोळ्याने जाळे केलेले असते.

रबराच्या नळीविषयी आपण फार बेफिकीर असतो. आत तारांचे अस्तर असलेली केशरी नळी मिळते, तीच घ्यावी. तिचे आयुष्य पाच वर्षांचे, आणि तारीख तिच्यावरच छापलेली असते. लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नको. तिच्यावर कापड गुंडाळू नये, शोभेसाठीसुद्धा नाही. उंदराने कुरतडलेले दिसणार कसे? एका टाकीवर जोड देऊन दोन शेगड्या चालविण्याची युक्ती लग्नकार्यात सर्रास केली जाते. ती युक्ती नव्हे.

नव्या सुनेने एक प्रश्न असा विचारला की मी तिचे मनोमन कौतुक केले. टाकीच्या वरच्या कड्याला आतून रंगविलेली अक्षरे दाखवून ती म्हणाली, "हे बी-सत्तावीस म्हणजे काय?" ती टाकीच्या पुढील तपासणीची मुदत असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. पुढचा आकडा सालाचा. 'बी-२७' म्हणजे जून २०२७ पर्यंत ठीक. मुदत टळलेली टाकी घेऊ नये. घेताना सील पाहावे आणि वजन करून मागावे: कड्यावर लिहिलेले रिकाम्या टाकीचे वजन अधिक १४.२ किलो. संकोच करण्याचे कारण नाही. टाकी बदलताना घरातील सर्व विस्तव, देवापुढची समई आणि उदबत्तीसुद्धा, शांत करावी. तोंडाच्या आतील काळे रबरी वॉशर जागेवर आहे ना हे पाहूनच रेग्युलेटर बसवावा, आणि मग सांध्यावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, म्हणून हे लिहिले. टाकीची प्लॅस्टिकची टोपी दोरीसह टाकीलाच बांधलेली असू द्यावी. गळती झाली तर तीच कामास येते.

थंडीचे थोडे निराळे. आदिलाबादकडील पौषात पहाटे पारा फार उतरतो आणि संपत आलेल्या टाकीतून वायू नीट निघत नाही. अशा वेळी काही जण टाकी आडवी करतात, हलवितात, कोणी तिच्यावर कढत पाणी ओततात. आडव्या टाकीतून द्रवच नळीत शिरतो व ज्योत एकाएकी भडकते. त्यापेक्षा थोडे थांबावे, ऊन वर आले की ती आपोआप चालते. तोवर चहा उशिरा झाला तर काही बिघडत नाही, हे पुरुषमंडळींस सांगणे अधिक आवश्यक.

अविभाजित आंध्रात १९९९ साली 'दीपम्' योजनेतून बचतगटांच्या बायकांना जोडण्या मिळाल्या, २०१६ साली केंद्राची 'उज्ज्वला' आली, आणि चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या पिढीचे हाल पाहिलेल्या आम्हांस त्याचे मोल ठाऊक आहे. गॅसला भिऊन पुन्हा पऱ्हाट्यांकडे वळावे असे मुळीच सुचवावयाचे नाही.

त्या सुनेला मी शेवटी एक कागद लिहून दिला. तो तिने स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, हात पोहोचेल अशा उंचीवर चिकटविला आहे. वाचकांपैकी कोणास हवा असेल तर उतरवून घ्यावा:

"वास आला तर काडी, लायटर, दिव्याचे बटण, पंखा, यांस हात लावू नये. लागलेला दिवा विझवूही नये, बटण तसेच राहू द्यावे. समई-उदबत्ती शांत करावी. शेगडीची कळ व रेग्युलेटर बंद. दारे सताड उघडी, खिडक्याही. मुले व म्हातारी माणसे अंगणात. फोन घराबाहेर जाऊन करावा, आत नाही. नंबर १९०६, दिवसरात्र. हिंदी येत नसेल आणि शेजारी कोणी नसेल तर एवढेच म्हणावे: ग्यास लीक अवुतोंदि. मग गावाचे नाव व घराची खूण. भाजले असेल तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. शाई, टूथपेस्ट, तूप काही लावू नये. दवाखाना."

सुनेने ते तेलुगू वाक्य दोनदा म्हणून दाखविले. उच्चार माझ्यापेक्षा बरा होता.